पार्श्वभूमी: तुरीच्या फुलावरचे हिंगे आणि धुऱ्यातली नाकतोड्यांची अंडी

भादवा लागला की विदर्भातल्या वावरांत हिंगे दिसू लागतात. आधी मूग-उडदाच्या फुलावर, मग भेंडी, चवळी, दोडक्या-कारल्याच्या वेलांवर, घरामागच्या जास्वंदीवर, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरीवर. इंचभर लांबीचा हा भुंगेरा. काळ्या पंखांवर नारिंगी-तांबडे आडवे पट्टे, चाल सुस्त, माणूस जवळ आला तरी उडायची घाई नाही. पाकळ्यांसकट फुलाच्या आतला भागही तो कुरतडून खातो. फूल गेलं की शेंग गेली, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. शास्त्रीय पुस्तकांत याचं नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा; अलीकडच्या वर्गीकरणात त्याला हायक्लिअस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकतात. कृषी खात्याच्या पत्रकांत तो ब्लिस्टर बीटल असतो.

कृषी सेवा केंद्रात मग एकच प्रश्न विचारला जातो, ‘भाऊ, याच्यावर काय मारायचं?’ प्रश्न रास्तच आहे. वर्षभराची डाळ आणि चार पैसे ज्या झाडावर आहेत, त्याची फुलं डोळ्यांदेखत खाल्ली जात असताना स्वस्थ बसा असं कुणी सांगू नये. पण ज्याच्यावर औषध मारायचं त्या किड्याचं आपल्याला दिसतं ते आयुष्य फार थोडं आहे. वर्षातले दीड-दोन महिने तो फुलावर असतो. उरलेला सगळा काळ तो मातीत असतो, वेगळ्याच रूपात, आणि तिथे त्याचं अन्न म्हणजे नाकतोड्यांची अंडी. हिंग्याविषयीचा आपला निवाडा फुलावर बसलेला किडा पाहून झालेला आहे. जमिनीखालची बाजू त्यात धरलेलीच नाही. ती का धरली गेली नाही, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण या किड्याची वरची आणि खालची अशी दोन आयुष्यं माणसाला वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी कळली.

पहिल्यांदा कळलं ते त्याचं तेल. हिंग्याला दाबलं किंवा डिवचलं की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर तेलकट थेंब बाहेर येतो. त्यात कॅन्थॅरिडिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला लागलं तर लगेच काही होत नाही. काही तासांनी तिथे पाण्याने भरलेला फोड येतो. तुरीचे शेंडे खुडणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बायांच्या मनगटावर, मानेवर असे फोड दरवर्षी येतात. रात्री दिव्यापाशी येणाऱ्या बारक्या लाल-काळ्या किड्यामुळे होणारी आग ही वेगळी. तो किडाही वेगळा आणि त्याचं विषही वेगळं. हिंग्याचा फोड कातडीच्या वरच्या थरातच असतो, म्हणून तो फोडला नाही, त्यात घाण गेली नाही, तर सहसा डाग न राहता बरा होतो. तेल लागलेली जागा लगेच साबणाने धुवावी आणि तोच हात डोळ्याला लावू नये. पोटात गेलं तर मात्र हे द्रव्य अतिशय घातक आहे. अन्ननलिका, मूत्रपिंड, मूत्रमार्ग यांना इजा होते आणि अगदी थोड्या मिलिग्रॅमनी जीवावर बेतू शकतं. किडा मेल्यावर, वाळल्यावरही त्याचा अंमल जात नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या गठ्ठ्यांत सापडलेल्या अशाच भुंगेऱ्यांमुळे घोडे दगावले आहेत. म्हणून हिंगे बसलेला हिरवा चारा जनावरांना टाकण्याआधी झटकून घेणं हे कामाचं आहे.

फोड आणणारी हीच ताकद माणसाने औषध म्हणून वापरली. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने नोंदवून ठेवलं आहे की ज्यांच्या पंखांवर पिवळे आडवे पट्टे असतात ते भुंगेरे सर्वांत प्रभावी. हे वर्णन मायलॅब्रिसच्या जातींना तंतोतंत लागू पडतं. पुढे युरोपात त्याच कुळातल्या चमकदार हिरव्या भुंगेऱ्याचा, म्हणजे ‘स्पॅनिश फ्लाय’चा बोलबाला झाला. त्याची पूड मलमात घालून रुग्णाच्या कातडीवर मुद्दाम फोड उठवायचे, म्हणजे आतला रोग बाहेर ओढला जातो, असा तेव्हाच्या वैद्यकाचा समज होता. कंपनी सरकारच्या दवाखान्यांनाही हा माल लागायचा आणि तो समुद्रापलीकडून यायचा. 1798 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये कॅप्टन हार्डविक यांनी बंगाल, बिहार आणि अवधमध्ये सापडणाऱ्या एका भुंगेऱ्याचं वर्णन छापलं. स्पॅनिश माशीचे सगळे गुण याच्यात आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तो आपल्या हिंग्याचाच सख्खा भाऊबंद. उत्तर हिंदुस्थानातल्या बाजारात वाळवलेले हे भुंगेरे ‘तेलनी माखी’ म्हणून विकले जात. 1810 मध्ये रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्पॅनिश फ्लायमधून कॅन्थॅरिडिन वेगळं काढलं. पेशीतल्या नेमक्या कुठल्या प्रथिनाला ते अडवतं हे कळायला मात्र 1992 उजाडलं. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोलस्कम या कातडीच्या विषाणूजन्य विकारासाठी कॅन्थॅरिडिनच्या औषधाला मान्यता दिली. ते डॉक्टरच लावतात, घरी वापरायचं नाही.

इतकी शतकं लोक हे तेल गोळा करत राहिले, पण किड्याच्या अंगात ते कशासाठी असतं हे फार उशिरा विचारलं गेलं. या कुळातल्या ज्या जातींचा नीट अभ्यास झाला त्यांत हे द्रव्य मुख्यतः नर तयार करतो. मीलनाच्या वेळी तो ते मादीला देतो, आणि मादी ते अंड्यांना लावते. म्हणजे आपल्या मनगटावर फोड आणणारं तेल हे मातीत एकट्या पडणाऱ्या अंड्यांचं राखण आहे. औषधवाल्यांना अंड्यांशी देणं-घेणं नव्हतं. त्यांना हवा होता तो वाळलेला भुंगेरा, आणि तो फुलांवर हवा तितका मिळत होता. अंड्यातून पुढे काय निघतं, ते कुठे जातं, काय खातं, हे दुसऱ्याच लोकांनी, दुसऱ्याच वाटेने शोधलं.

ती वाट मधमाश्यांवरून गेली. अठराव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांना मधमाश्यांच्या केसांत अडकलेले बारीक, सहा पायांचे, चपळ जीव दिसत. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला मधमाशीची ऊ म्हणून नाव दिलं. लेऑं द्युफूर या फ्रेंच अभ्यासकाने 1828 मध्ये त्याला स्वतंत्र प्राणी समजून ‘ट्रायअंग्युलिनस’ असं नाव ठेवलं. दरम्यान मेलो नावाच्या, याच कुळातल्या भुंगेऱ्याच्या अंड्यांतून अगदी असेच जीव निघतात, हे काहींनी पाहिलं होतं. पण एवढी चपळ ऊ आणि तो जाडजूड, रेंगाळणारा भुंगेरा एकच आहेत, हे पटणं सोपं नव्हतं. मधली साखळीच कुणाच्या हाती नव्हती. इंग्लंडमध्ये जॉर्ज न्यूपोर्ट यांनी मेलोची अंडी उबवून आणि रानमाश्यांची घरटी उकरून ती बरीचशी जुळवली. 1845 मध्ये त्यांनी आपला निबंध वाचला.

उरलेला उलगडा झां-आंरी फाब्र या शिक्षकाने केला. दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रासजवळच्या दरडींत रानमाश्या बिळं करून राहतात. त्यांच्यावर वाढणाऱ्या सिटारिस या भुंगेऱ्याचा पाठपुरावा त्यांनी चिकाटीने केला आणि 1857 मध्ये तो छापला. त्यांना जे दिसलं ते आजही वाचताना थक्क व्हायला होतं. अंड्यातून निघालेल्या अळ्या हिवाळाभर काही न खाता माश्यांच्या बिळांपाशी पडून राहतात. वसंतात आधी नरमाश्या बाहेर येतात. अळ्या त्यांच्या केसांना चिकटतात. नर-मादी एकत्र आले की अळी मादीवर जाते. मादी मधाने भरलेल्या कप्प्यात अंडं घालते त्या क्षणी अळी त्या अंड्यावर उतरते. मधात पडली तर ती बुडून मरेल, म्हणून ते अंडंच तिचा तराफा, आणि तेच तिचं पहिलं जेवण. अंडं संपवून ती कात टाकते तेव्हा तिचं रूप साफ बदललेलं असतं. चपळ पाय गेलेले, पोट फुगलेलं, आता ती मधावर तरंगत मध खाणारी मऊ अळी. पुढे ती आणखी एका कडक, निश्चल अवस्थेत जाते, त्यातून पुन्हा अळी होते, मग कोष आणि मग भुंगेरा. साध्या भुंगेऱ्यात अंडी, अळी, कोष, प्रौढ एवढ्याच पायऱ्या असतात. इथे अळीचंच तीन-चार वेळा रूपांतर. फाब्र यांनी या प्रकाराला हायपरमेटामॉर्फोसिस, म्हणजे अतिरूपांतरण म्हटलं, आणि ती संज्ञा कायम झाली.

आता हे सगळं माश्यांच्या घरट्यांतलं. या कुळात जगभर अडीच-तीन हजार जाती आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांचा रानमाश्यांशी असाच संबंध आहे. पण तुरीवरच्या हिंग्याची गोष्ट वळते ती अमेरिकेत.

1870च्या दशकात रॉकी पर्वतातल्या टोळांनी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली शेती उद्ध्वस्त केली. 1874 सालची धाड सर्वांत मोठी. नव्याने वसलेली कुटुंबं जमीन सोडून परत गेली. मिझुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली टोळांची अंडी उकरून तपासत होते. टोळ किंवा नाकतोड्याची मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसून अंड्यांचा पुंजका घालते आणि त्याभोवती फेस सोडते. तो वाळून कडक पुडकं होतं. अशा पुडक्यांत रायलींना अंड्यांच्या जागी अळ्या सापडू लागल्या. त्यांनी एपिकॉटा या भुंगेऱ्याची अंडी उबवली, निघालेल्या अळ्यांना टोळांची पुडकी दिली आणि सगळ्या अवस्था डोळ्यांखाली घडताना पाहिल्या. 1877 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. एका पुडक्यात दोन अळ्या शिरल्या तर एकच उरेपर्यंत त्या भांडतात, हेही त्यांनी नोंदवलं. आणि हे एपिकॉटा भुंगेरे कोण? तर तिथल्या शेतकऱ्यांच्या बटाट्याचा पाला खाणारे, म्हणून मनापासून तिरस्कार झालेले किडे. टोळांची वर्षं आली की त्यांच्या मागोमाग हे भुंगेरे वाढत, कारण जमिनीत अन्नाची रास पडलेली असे. बटाट्यावर वैरी आणि मातीत मदतनीस, असा दुहेरी हिशेब रायलींनी स्पष्ट मांडला. मला या साऱ्या इतिहासात हेच पान सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते अभ्यासकाने शेतकऱ्याच्या संकटाच्या मध्यभागी उभं राहून लिहिलेलं आहे. पुढे 1890च्या सुमारास अल्जीरियात टोळांचा बंदोबस्त करताना क्युंकेल द’एर्क्युले यांनी प्रत्यक्ष मायलॅब्रिसच्याच अळ्या टोळांच्या पुडक्यांत पाहिल्या. आपल्या हिंग्याच्या भाऊबंदांचं घर कुठे आहे ते असं नक्की झालं.

हिंग्याचं हे वर्षचक्र विदर्भात कसं फिरतं ते पाहू.

आपल्याकडे नाकतोड्यांच्या मुख्य जाती पावसाळ्यात वाढतात आणि पावसाळा सरताना अंडी घालतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात बांध्यांच्या पाळींवर, आणि वऱ्हाड-यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू भागात धुऱ्यांवर, म्हणजे वावरांमधल्या बांधांवर, पांदणीच्या कडेला, पडीक गवताळ तुकड्यांत. जिथे नांगर-वखर पोचत नाही अशी, न हललेली माती त्यांना लागते. धानावरच्या नाकतोड्याच्या एका पुडक्यात साधारण तीस-चाळीस अंडी असतात, आणि ती थेट पुढच्या जून-जुलैच्या पावसातच फुटतात. म्हणजे सात-आठ महिने हे अन्न जमिनीत साठून असतं.

याच काळात, फुलांवर पोट भरलेली हिंग्याची मादी खाली उतरते. पायांनी आणि तोंडाने मातीत लहान खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास, कधी कमी कधी जास्त, फिकट पिवळी लांबट अंडी घालते आणि वरून माती लोटते. दोन-तीन आठवड्यांत त्यातून बारीक, लांब पायांच्या, कडक अंगाच्या अळ्या निघतात. त्या मातीच्या फटीफटींतून हिंडतात. जवळ शिदोरी फारशी नसते. दोन-एक आठवड्यांत पुडकं सापडलं नाही तर संपलं. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात, आणि त्या भेगा या हिंडण्याला सोयीच्या ठरत असाव्यात असं मला वाटतं. शंभरातल्या फार थोड्या अळ्यांना पुडकं गाठता येतं. जिला सापडतं ती फेसाच्या टोपणाला भोक पाडून आत शिरते आणि पहिलं अंडं फोडते.

मग रूप बदलायला सुरुवात होते. पहिल्या कातीनंतर ती मऊ, पांढुरकी होते. दर कातीला पाय आणखी आखूड, अंग आणखी वाकलेलं आणि जाड. आता चालायचं कारणच उरलेलं नसतं. पुडक्यातली अंडी संपेपर्यंत ती खाते. पोट भरल्यावर पुडक्याजवळच्या मातीत ती पुढची कात टाकते आणि एक कडक, तांबूस-तपकिरी, हालचाल नसलेली अवस्था धारण करते. हा कोष नव्हे. हिला आभासी कोष म्हणतात. जानेवारीची थंडी, एप्रिल-मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारं ऊन, भेगाळलेली जमीन, हे सगळं ती या अवस्थेत काढते. विदर्भाचा उन्हाळा पार करायची ही तिची रीत. या कुळातल्या काही जाती तर एक वर्ष असंच पडून राहून दुसऱ्या वर्षी बाहेर येतात. पाऊस पडून माती ओलावली की ती कवच फोडून पुन्हा अळी होते, मात्र आता काहीच खात नाही; मग खरा कोष, आणि ऑगस्टच्या आसपास भुंगेरा. त्याला फुलं हवी असतात, आणि नेमकी तेव्हाच मूग-उडदाला फुलं आलेली असतात.

याला परोपजीवी म्हणावं की शिकारी, यावर कीटकशास्त्रात मतभेद आहेत. माशीच्या एका घरट्यात, एकाच कप्प्यावर वाढणारी सिटारिसची अळी परोपजीवी म्हणायला हरकत नाही. अनेक अंडी खाऊन संपवणारी हिंग्याची अळी काहींच्या मते अंडीभक्षक शिकारी आहे. पण एका यजमानाच्या एका पुडक्यावर तिचं सगळं बालपण अवलंबून असतं, म्हणून परोपजीवी हा शब्द मला जवळचा वाटतो.

टोळ म्हटलं की लोकांना 2020 चा मे महिना आठवतो. वाळवंटी टोळांची धाड मध्य प्रदेशातून अमरावतीच्या मोर्शी-वरुड भागात, वर्धा जिल्ह्यात आष्टीकडे आणि मग नागपूरच्या काटोलकडे आली होती. संत्र्याच्या बागांत लोकांनी थाळ्या वाजवल्या, ट्रॅक्टरवरून फवारे मारले. त्या धाडीशी हिंग्यांचा संबंध नव्हता. ते टोळ इथे स्थिरावले नाहीत आणि आपल्या काळ्या मातीत त्यांची पिढी वाढली नाही. हिंग्याचा संबंध आहे तो इथल्याच नाकतोड्यांशी, जे थोडं थोडं खात राहतात आणि ज्यांची बातमी होत नाही. बातमी होत नाही याचं एक कारण त्यांची अंडी खाणारे जीव जमिनीत आहेत हेही आहे. हिंगे त्यातले एक. काही माश्यांच्या अळ्या, बारीक गांधीलमाश्या आणि पक्षीही त्या कामात आहेत.

मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत हिंगा शेतकऱ्याला जास्त का खुपू लागला? याचं उत्तर पिकांच्या बदलात असावं. जुन्या पद्धतीत वावरात ज्वारी, मूग, उडीद, तूर, अंबाडी, चवळी असं मिसळून पेरलेलं असे, आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचं तास. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं असायचं, धुऱ्यावर रानफुलंही असायची, हिंगे त्यात पांगायचे. (हिंग्यांच्या काही दुसऱ्या जाती ज्वारी-बाजरीच्या कणसांवरचे परागकण खातात, ते दाणे भरण्यावर येतं, तो जुना त्रास होताच.) 1990 नंतर सोयाबीन वाढत गेलं, ज्वारी आटली, मूग-उडीद बरंच कमी झालं. सोयाबीनचं फूल बारीक आणि पानाआड. 2002 नंतर बीटी कपाशी आली. आता मैल-मैल हिरवं दिसतं, पण पूर्वीसारखी तऱ्हेतऱ्हेची फुलं उरलेली नाहीत; मधूनमधून तुरीची तासं असतात. जमाव तिथे येतो.

तुरीच्या बाबतीत तरी नुकसानाचं गणित डोळ्याला दिसतं तितकं सरळ नाही. तूर जितकी फुलं धरते त्यातली बहुतेक फुलं किडा नसला तरी गळतात; थोड्याच फुलांच्या शेंगा होतात. मोठ्या क्षेत्रात एकाच वेळी फुललेल्या तुरीवर हिंगे पांगले तर झाड ती कसर भरून काढतं. खरा फटका बसतो तो लहान तुकड्याला, इतरांच्या आधी फुलणाऱ्या तुरीला आणि परसबागेतल्या चार झाडांना. लवकर येणारे वाण सप्टेंबरातच फुलतात, हिंग्यांची संख्या भरात असताना, म्हणून त्यांच्यावर मारा जास्त. विदर्भात पेरले जाणारे आशासारखे मध्यम कालावधीचे वाण दिवाळीच्या आसपास भरात येतात, तोवर हिंगे उतरणीला लागलेले असतात. वाण निवडताना हा मुद्दा बियाण्याच्या पिशवीवर छापलेला नसतो, पण तो उत्पन्नाशी थेट जोडलेला आहे.

फवारणीबद्दल इथे स्पष्टच लिहायला हवं. हिंगे उडून येतात. आज मारले तर चार दिवसांनी शेजारच्या वावरातून दुसरे येतात. त्यांच्यासाठी घातक कीटकनाशकांचा हात दिला की तुरीवर परागीकरणासाठी येणाऱ्या माश्या आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीचे शत्रूही जातात, आणि तुरीचा खरा मोठा वैरी ती शेंगा पोखरणारी अळी आहे. शिवाय त्या दिवसांत तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते. फवारा वर धरावा लागतो, औषध अंगावर पडतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसं आपल्याच गावांतली होती, रोजंदारीवर पाठीला पंप लावणारी. एका फुलखाऊ भुंगेऱ्यासाठी डोक्यावरच्या उंचीचं पीक फवारायला माणूस पाठवणं मला कुठल्याही हिशेबात बसत नाही. लहान क्षेत्रात सकाळी थंडीने हिंगे जड असतात तेव्हा हातमोजे घालून किंवा जाळीने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकणं पुरतं. उघड्या हाताने वेचू नयेत, आणि मुलांना तर हे काम अजिबात सांगू नये.

राहिला धुरा. हिंग्याच्या आणि नाकतोड्याच्या या व्यवहाराची जागा धुरा आहे, आणि तीच झपाट्याने बदलते आहे. वाटण्या होत गेल्या तसे धुरे अरुंद झाले, ट्रॅक्टर कडेपर्यंत जाऊ लागला, उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक मारायची सवय वाढली. धानाच्या पट्ट्यात पाळी छाटून नाकतोड्यांची अंडी उघडी पाडण्याची जुनी, चांगली रीत आहे. त्यात पक्ष्यांचं काम सोपं होतं, आणि पुडक्यांसोबत आतल्या अळ्याही उघड्या पडतात. जिथे नाकतोड्यांचा उपद्रव मोठा आहे तिथे ती रीत चालू ठेवावीच. पण जिथे नाकतोडे आटोक्यात आहेत तिथे धुरा जसा आहे तसा, गवतासकट, राहू देण्यात तोटा नाही.

हे प्रत्येक गावाला स्वतः तपासता येण्यासारखं आहे. डिसेंबर-जानेवारीत, सोयाबीन निघून रान मोकळं झाल्यावर, धुऱ्यावर फूटभर चौरस आखून खुरप्याने तीन-चार इंच माती अलगद काढायची आणि हाताने चाळायची. नाकतोड्याचं पुडकं वाकड्या, मातकट नळकांड्यासारखं हाती येतं. ते सोललं तर आत तांदळाच्या दाण्यांसारखी एकाला एक लागून बसलेली अंडी असतात, नाहीतर रिकामी टरफलं आणि शेजारी एक वाकलेली पांढरी अळी किंवा तपकिरी कडक आभासी कोष. दोन्ही मोजायचे, धुऱ्याची रुंदी आणि शेजारचं पीक लिहून ठेवायचं, आणि माती होती तशी लोटून द्यायची. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येणाऱ्या कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी ही मोजणी आपल्या कामात धरावी आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ती एकत्र करावी. यंत्र लागत नाही, खर्चही फारसा नाही; हिवाळ्यातली एक सकाळ आणि वही पुरते.